गुरुवारचा नवरा

१४ जून

प्रिय,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंस, ठीक आहे. "जे सांगायचं ते कागदावर सांग, म्हणजे बोलायच्या आधी विचार करावा लागेल," हे तुझं वाक्य. तुझं की तुझ्या कॉलेजातल्या बाईंचं, कोण जाणे. जाऊन जेमतेम बारा दिवस झाले आणि तू त्यांच्यासारखी बोलायला लागलीस. तर घे, लिहितोय. गेल्या वीस वर्षांत दाताच्या डॉक्टरांना चिठ्ठ्या सोडून मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुला सोडायला मी स्टँडवर आलो नाही म्हणून तू तोंड फुगवून गेलीस. त्या दिवशी एका आजोबांची खालची कवळी द्यायची होती. त्यांच्या नातीचं लग्न होतं. बिनदातांचे आजोबा फोटोत कसे दिसले असते, तूच सांग. आता खरं सांगायचं तर कवळी आदल्या दिवशीच झाली होती. तरी मी लॅबमध्ये बसून घासत राहिलो. इतकी घासली की डॉक्टर म्हणाले, "यात बघून दाढी करायची आहे का?" तुझी गाडी सव्वानऊला सुटली. मी सव्वानऊलाच हात धुतले.

बबडी बरी आहे. चौदा वर्षांची मुलगी जेवढी बरी असू शकते तेवढी. तिचा फोन मात्र तू उचलतेस. दार लावून अर्धा तास खिदळते आणि बाहेर आली की मला म्हणते, "आई मजेत आहे." बस, तीन शब्द. तेवढ्यावर मी आठवडा काढायचा.

चर्चच्या मंडळीतले सगळे विचारतात. पाळकसाहेब दर रविवारी उपासना संपली की कुणाला तरी धरून सांगतात, "ख्रिस्ती विवाह आणि कुटुंब समुपदेशन, पदव्युत्तर, दोन वर्षांचा कोर्स." मग माझ्याकडे वळतात. "तुम्हाला अभिमान वाटत असेल." मी म्हणतो, वाटतो की. दुसऱ्यांची लग्नं सांधायला शिकायचं म्हणून माझी बायको आपलं लग्न उसवलेलं टाकून गेली, हे काही मी त्यांना सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बबडीच्या बोलण्यातून कळलं की तुमच्या वर्गात जोड्या लावल्या आहेत. खरी जोडपी म्हणे दुसऱ्या वर्षी मिळतात. तोवर सरावासाठी दोघादोघांनी नवराबायको व्हायचं, वर्षभर तीच जोडी, दर गुरुवारी. वर्गातल्या तिसऱ्याने त्यांचं समुपदेशन करायचं आणि बाकीच्यांनी काचेपलीकडच्या खोलीतून बघायचं. त्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला ते दिसत नाहीत. आणि तुझ्या वाट्याला कोण, तर मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, बायको वारलेली, पन्नाशीचे, आवाज छान. आवाज छान हे बबडीला कसं कळलं, तर तू फोन त्यांच्या हातात दिलास म्हणून. माझा फोन उचलत नाहीस आणि तोच फोन मास्तरांच्या हातात देतेस.

मला एवढंच विचारायचं आहे. त्या खोलीत खुर्च्या किती अंतरावर असतात?

तुझा नवरा
(सातही दिवसांचा)


२ जुलै

प्रिय,

पत्र मिळालं. हातभर अंतर, आणि मध्ये स्टुलावर कागदी रुमालांचा डबा. हातभर कुणाचा हात? आणि रुमाल कशाला? रडतं कोण? माझ्यासमोर तू शेवटची कधी रडलीस मला आठवत नाही. माझ्या आईच्या मातीलासुद्धा तू सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. आता दर गुरुवारी एका परक्या माणसाशेजारी बसून रुमाल ओले करत असशील तर मला ते माहीत असायला हवं.

बाईंनी तुला पहिल्याच महिन्यात झापलं हे वाचून मला बरं वाटलं. लपवत नाही. तू दुसऱ्या जोडीच्या सरावात समुपदेशक होऊन, डोळे मिटून म्हणालीस, "हे प्रभू, या भावाला रोज वेळेवर घरी यायची बुद्धी दे," आणि बाई काचेमागून उठून आत आल्या नि विचारलं, "ही प्रार्थना प्रभूसाठी होती की नवऱ्यासाठी?" मग फळ्यावर लिहून ठेवलं, प्रार्थनेच्या आडून सल्ला द्यायचा नाही. मी लॅबमध्ये एकटाच हसलो. हातातला मेणाचा दात पडला.

नंतर हसू गेलं. कारण आपल्या घरात दुसरं काय चालतं? मी तुझ्याशी कधी भांडलो नाही, हे मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगतो. भांडायची गरजच नव्हती, जेवणाआधी प्रार्थना होती ना. "हे प्रभू, ज्यांना घरापेक्षा बाहेरची माणसं जवळची वाटतात त्यांची दृष्टी उघड." तू आमेन म्हणायची नाहीस. बबडी दोघांच्या वाटचं आमेन म्हणायची आणि ताट पुढे ओढायची.

आणि काय गं, तुमच्या त्या खोट्या जोडप्याला नाव आहे, घर आहे, एक मुलगी आहे, आणि नवरा घड्याळं दुरुस्त करतो. घड्याळं. म्हणजे बारीक काम, मान मोडून करायचं, डोळ्याला भिंग लावून, कुणाशी बोलावं लागत नाही असं. मला काय खुळा समजलीस? कवळीच्या जागी घड्याळ ठेवलं की झालं? म्हणजे दर गुरुवारी मास्तर मी होतात. तू त्यांच्याशी बोलतेस, ते तुझं ऐकतात, बाकीचे काचेमागून माझी मजा बघतात. मी विचारलं की तुझं उत्तर तयार, "खोलीतलं खोलीत राहतं, तो नियम आहे."

तुला आठवतं, मंडळीतल्या बाया आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो. एक पानही उलटायचो नाही, सगळं ऐकायचो. त्या आपली रडगाणी सांगायच्या आणि तू फक्त म्हणायचीस, "हं." सल्ला नाही, काही नाही. तुझं ते हं असं असतं की माणूस त्याला टेकून बसू शकतो. त्या बाया निघताना वेगळ्याच दिसायच्या. मी मनात म्हणायचो, आता माझी पाळी. मग तू आत येऊन विचारायचीस, "भाजी काय करू?"

माझं ते हं आता मास्तरांना मिळतंय. माझ्या पोटात दुखतं. जळफळाट होतो म्हण. बाईंना सांग, हा शब्दही फळ्यावर लिहा.

तुझा नवरा
(कवळीवाला, घड्याळवाला नव्हे)


१० ऑगस्ट

प्रिय,

नाही, कॉलेजचा कसलाही लिफाफा आलेला नाही.

तू तीनदा विचारलंस म्हणून तीनदा सांगतो. आलेला नाही. पोस्टाचं हल्ली काही खरं नाही. पोस्टमन नवीन आहे, वरच्या मजल्याची पत्रं खाली टाकतो. मुळात तू लॅबचा पत्ता कशाला दिलास? "तिथे तू कायम असतोस, पत्र हरवत नाही," म्हणे. कायम असतो म्हणजे काय मी पोस्टाची पेटी आहे? तरी तुझ्यासाठी सगळं धुंडाळलं. टेबल बघितलं, कपाट बघितलं, खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या साच्यांच्या खालीसुद्धा बघितलं. तिथे काही नाही.

एवढं काय त्यात? तू लिहिलंस त्यावरून मला कळलं ते असं, की दुसऱ्या वर्षी खऱ्या जोडप्यांसमोर बसायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जोडीदाराबरोबर स्वतः तीन बैठका करायच्या, बाईंसमोर. जोडीदाराने सही करून संमतिपत्र पाठवायचं, सप्टेंबर संपायच्या आत. नाही पाठवलं तर दुसरं वर्ष नाही. बरा नियम आहे. डॉक्टरकीला बसणाऱ्यांना आधी स्वतःचं पोट फाडून दाखवायला सांगतात का?

समजा आलं पत्र. समजा मी आलोही. मी काय बोलणार? बाई विचारणार, मी म्हणणार सगळं ठीक आहे. कारण सगळं ठीकच आहे. मी दारू पीत नाही, हात उचलत नाही, रविवार चुकवत नाही. माझं लपवण्यासारखं काही नाही. आणि काचेमागे कोण बसणार, मास्तर? म्हणजे त्यांनी बघायचं की खरा नवरा त्यांच्यापुढे किती फिका पडतो.

या आठवड्यात एक वरची आणि एक खालची कवळी झाली. खालची नेहमी त्रास देते. वरची टाळूला धरून बसते, खालचीला धरायला काही नसतं. जीभ हलली की ती हलते. माणूस मग बोलायचंच टाळतो.

बबडीने काल विचारलं, "बाबा, तुम्ही जाणार ना आईकडे?" मी म्हटलं, पत्र येऊ दे. ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीची नजर हल्ली तुझ्यासारखी व्हायला लागली आहे.

तुझा नवरा


२८ ऑगस्ट

तुझं पत्र आज आलं. तू काय लिहिलं आहेस ते मी अजून वाचलेलं नाही. मी आधी पाठीमागचं वाचलं.

तुझी जुनी खोड. कोरा कागद म्हणजे तुला पाप वाटतं. लग्नपत्रिकांच्या पाठीवर सामानाच्या याद्या, बबडीच्या जुन्या वह्यांच्या पाठीवर मंडळीच्या बायकांचे निरोप. आणि आता वर्गातल्या वापरलेल्या पानांच्या पाठीवर नवऱ्याला पत्र. खोलीतलं खोलीत राहतं म्हणे. खोलीतलं तू तिकीट लावून माझ्या दारात पाठवलंस.

वर लिहिलंय "शब्दशः नोंद, पान ७." ओळींना आकडे घातले आहेत. म्हणजे खोलीत कोण काय बोललं ते टेपवरून जसंच्या तसं उतरवायचं, थांबला तर थांबला, खोकला तर खोकला. तुझंच अक्षर. तुझ्यासमोर परत उतरवतो, म्हणजे नाही म्हणायला नको.

४१. बायको : तू इतका गप्प का असतोस?
४२. नवरा : बोललो तर ते बाहेर पडेल.
४३. समुपदेशक : ते म्हणजे काय?
४४. नवरा : (थांबतो) हिच्या कॉलेजचं पत्र आलं होतं. हिला घेतलं होतं त्यांनी. मी ते लपवलं.
४५. बायको : का?
४६. नवरा : भीती वाटली. दुसऱ्यांची घरं बघून आली की आपलं घर केवढंसं आहे ते हिला दिसेल. मी केवढासा आहे ते दिसेल.
४७. (नवरा रडतो.)
४८. बायको : हं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. हे त्या माणसाला कुणी सांगितलं? मी पाळकसाहेबांकडे कधी चकार शब्द काढला नाही. आईला मरेपर्यंत कळू दिलं नाही. पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं, मी एकट्याने फोडलं, मी एकट्याने साच्यांखाली ठेवलं. अकरा वर्षांत त्या ड्रॉवरला कुणाचा हात लागलेला नाही. पोर तीन वर्षांची होती, तू गेली असतीस तर तिचं कोण बघणार होतं, असं मी स्वतःला रोज सांगत आलो आणि ते मला पटतही आलं. भीतीबिती हा शब्द मी माझ्याशीसुद्धा बोललो नव्हतो. आणि एक भूगोलाचा मास्तर, ज्याने मला उभ्या जन्मात बघितलं नाही, तो काचेसमोर बसून माझ्या वतीने कबुली देतो. माझ्या वतीने रडतो. आणि तू त्याला हं म्हणतेस. अकरा वर्षं जे हं मला हवं होतं ते तू त्याला अठ्ठेचाळिसाव्या ओळीत देऊन टाकलंस.

एवढं लिहिलं आणि परत वाचून बघितलं. मग कळलं मी काय लिहून बसलो आहे ते.

पाऊण तास झाला. कागद फाडायला घेतला होता. पण फाडला असता तर पुन्हा तेच झालं असतं, तुझ्या नावाचं एक पत्र मी अडवलं असतं. कोपऱ्यावरच्या पेटीतून पत्रं पाच वाजता नेतात. आता पाचला दहा कमी आहेत. मी काही धाडसी वगैरे झालेलो नाही, फक्त जास्त विचार करायला वेळ नाही म्हणून टाकतोय.

खाली नाव काय लिहू ते कळत नाही.


११ सप्टेंबर

प्रिय,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. या खेपेला कोऱ्या कागदावर. तेही मी उतरवतो, कारण दिवसातून किती वेळा वाचतोय ते तुला सांगायला लाज वाटते.

"तो नवरा मी होते. मास्तर बायको झाले होते. तिसऱ्या आठवड्यापासून बाई आम्हाला उलटं बसवतात, ज्याने त्याने आपल्या माणसाच्या जागी बसायचं. पत्र मला सहा वर्षांपूर्वी सापडलं, तू तापाने आठ दिवस पडला होतास आणि मी साचे शोधायला ड्रॉवर उघडला तेव्हा. जसं होतं तसं ठेवलं. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते."

म्हणजे सत्तेचाळिसाव्या ओळीत रडलं कोण, ते आता कळलं. आणि हं म्हणाले मास्तर. मी त्यांना तीन महिने इतक्या शिव्या घातल्या आहेत की त्यांना उचक्या लागत असतील. बाईमाणूस होऊन बसताना त्यांना काय वाटत असेल, त्यांच्या वारलेल्या बायकोच्या जागी, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी खुर्च्यांचं अंतर मोजत होतो.

पण तुझ्यावर मी चिडलो आहे. तेही सांगतो, आता लपवून काय करू. सहा वर्षं तू रोज माझ्यासमोर बसून जेवलीस. माझं खोटं तुला माहीत होतं आणि तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी वर तोंड करून प्रार्थनेत तुझी दृष्टी उघडायला सांगत होतो. तू आमेन का म्हणत नव्हतीस ते आज कळलं. पण तू ताट भिरकावायचं होतंस. ते पत्र माझ्या तोंडावर मारायचं होतंस. ते न करता तू वाट बघत बसलीस, आणि मला वाटत राहिलं की सगळं ठीक आहे. तू लपवलेलं माझ्यापेक्षा पाच वर्षांनी कमी आहे, पण लपवलेलंच आहे.

यंदा तू पुन्हा अर्ज केलास तेव्हा मला न विचारता केलास. आलेलं पत्र पर्समध्ये ठेवलंस. मुलाखतीच्या पत्रासाठीही तू लॅबचा पत्ता दिला नव्हतास. मी त्यावरून महिनाभर धुसफुसत होतो, नवऱ्यावर विश्वास नाही म्हणून.

आणि मग लिफाफा मागवायला मात्र तू तोच पत्ता दिलास. हे मला काल सुचलं, दाढी करताना. ब्लेड लागलं.

उत्तराची घाई करू नकोस. मलाच वेळ लागणार आहे.

तुझा नवरा


२१ सप्टेंबर

प्रिय,

लिफाफा आला होता. २ ऑगस्टला.

१० तारखेच्या पत्रात मी ज्या ड्रॉवरमध्ये काही नाही म्हणालो, तो त्याच ड्रॉवरमध्ये होता. जुन्या पत्राच्या वर. तू ड्रॉवरबद्दल काही विचारलंच नव्हतंस. ते वाक्य वाचून तू काय म्हणाली असशील ते मला आता ऐकू येतं.

शनिवारी मी तो बाहेर काढला आणि घरी आणून टेबलावर ठेवला. बबडी अभ्यास करत होती. मी म्हटलं, "हे बघ, आईच्या कॉलेजचं पत्र सापडलं." ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे. मी लॅबमध्ये तुमचा डबा घेऊन आले तेव्हा पोस्टमनने माझ्याकडे दिलं होतं. मीच तुमच्या टेबलावर ठेवलं होतं, डब्याखाली." मी विचारलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मी खाली बसलो. सात आठवडे ती पोर माझ्यासमोर जेवत होती. मला तीन शब्द सांगायची आणि माझ्या चार शब्दांची वाट बघायची. तुझा राग सोसला असता मी, अजूनही सोसेन. पण हिने हे आपल्या दोघांकडून शिकावं हे मला सोसवेना. उद्या हिचं लग्न होईल आणि हीसुद्धा कुणाच्या तरी ड्रॉवरकडे बघत गप्प बसेल. मी तिला म्हटलं, "आलं त्याच दिवशी मी लपवलं होतं. मला आई आणखी एक वर्ष जायला नको होती." ती म्हणाली, "हं."

अगदी तुझ्यासारखं. मी टेकून बसलो.

फॉर्म भरला आहे. पहिल्या आठ रकान्यांत नाव, वय, धंदा, लग्नाची तारीख. नवव्यात विचारलंय, पहिल्या बैठकीआधी जोडीदाराला काही सांगायचं आहे का, आणि खाली दोन ओळींची जागा. तीन दिवस ती जागा कोरी होती. बबडी रोज येऊन बघून जायची. मग लिहिलं, "मला तुझा हेवा वाटतो. पहिल्यापासून." जागा उरली.

इथे जरा सविस्तर सांगतो. मास्तरांचा नाही, तुझा. माणसं तुझ्यापाशी येऊन मन मोकळं करतात. माझ्याकडे माणूस येत नाही, त्याच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा येतो. मी त्याला दात करून देतो आणि तो जाऊन दुसऱ्याशीच बोलतो. पाळकसाहेब म्हणाले होते, हिला देणगी आहे, हिला शिकायला पाठवा. मी ऐकलं आणि मला वाटलं, आत्ताच ही माझ्या हातात मावत नाही, शिकली की काय उरेल. ते पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, आपल्याला प्रवेश देताना आनंद होत आहे. मला आनंद झाला नाही. एवढंच कारण होतं. पोर लहान होती हे मी नंतर शोधून काढलं.

आणि आता कुणाचा हेवा वाटतो, तर त्या गुरुवारच्या नवऱ्याचा. तू त्याला माझ्यापेक्षा बरा केलास. तो एका ओळीत बोलून मोकळा झाला आणि पुढच्याच ओळीत रडला. मला अकरा वर्षं लागली, तेही चुकून. तो तुला माझ्यात दिसत होता का, की तू मला तसा हवा म्हणून रचलास, हे मला तुला विचारायचं आहे. पत्रात नको सांगू.

या लिफाफ्यात तीन कागद आहेत. एक, यंदाचं संमतिपत्र, सहीसकट. दुसरं, तुझं पत्र. जुनं. कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि एका कोपऱ्याला प्लास्टर लागलं आहे, ते निघालं नाही. तिसरा कागद त्याच्याच सोबत आलेला जुना फॉर्म, पतीची संमती, चौदा दिवसांत परत पाठवावा असं छापलेलं. त्यावरही मी सही केली आहे. तारीख आजची घातली. आता तो कुणाच्या कामाचा नाही हे मला कळतं. तरी तो सही न करता तुझ्याकडे यायला नको होता.

आज जेवणाआधी बबडी म्हणाली, "बाबा, प्रार्थना." मी डोळे मिटले आणि मला काही सुचेना. टोमणा काढून टाकला की माझ्या प्रार्थनेत फारसं काही उरत नाही असं दिसतं. शेवटी तिनेच केली. मी आमेन म्हटलं, माझ्या एकट्याच्या वाटचं.

पहिली बैठक येत्या गुरुवारी चालेल असं बाईंना कळव. मास्तरांना काचेमागे बसायचं असेल तर बसू दे. माझी बायको होऊन त्यांनी माझं इतकं ऐकलं आहे, आता एकदा मला बघू दे त्यांना. रुमालांचा डबा भरलेला ठेवायला सांग.

बबडी शेजारच्या काकूंकडे राहील. माझी गाडी साडेदहाला तिथे पोचते. तू स्टँडवर यायची गरज नाही. मी आलो नव्हतो.

तुझा नवरा